चांदवडचा थांबा

गेल्या मे महिन्यात धुळ्याला नात्यातल्या एका मंगल परिणयाला जाण्याचा योग आला. लग्न सकाळी ११ वाजता. नाशिक ते धुळे अंतर साधारण १६० किलोमीटर. सर्वानुमते ठरले की ६ वाजता गाडी हलवायची. आपल्या मंडळींचे ६ वाजता म्हणजे किती वाजता, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. एकाची अंघोळ राहिली, एकीचा गजरा राहिला, आहेराची भांडी घरीच राहिली म्हणून एकाला मोटारसायकलवर परत पाठवले. भाड्याची क्रूझर आमच्या वस्तीतून निघाली तेव्हा ८ वाजून ५ मिनिटे झाली होती. लहानमोठी धरून आम्ही तेरा माणसे होतो.

आडगाव मागे पडते न पडते तोच मागच्या बाकांवरून सूचना सुरू झाल्या. "हाण की गाडी, रस्ता मोकळा आहे." "तो ट्रक काय बघत बसलास, काढ बाजूने." "अकराच्या आत मंडपात पाहिजे बरं का!" ड्रायव्हर बावीस-तेवीस वर्षांचा, आपल्याच समाजातला पोरगा. तो हो नाही काही म्हणत नव्हता. पाय मात्र दाबत होता. ओझरला काटा ९० वर होता, पिंपळगाव बसवंत सोडल्यावर तो १०० च्या पुढे गेला. दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मळे भराभर मागे पडू लागले, तशी पोरे टाळ्या वाजवू लागली.

पुढच्या सीटवर मी आणि माझे सासरे होतो. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. तात्या एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून कपाटात जपून ठेवला आहे. तात्या रस्त्याकडे बघत नव्हते, ते त्या पोराच्या तोंडाकडे बघत होते. पोराने तीनदा जांभई दिली, खिडकीची काच खाली केली, बाटलीतले पाणी डोळ्यांना लावले. वडाळीभोई गेल्यावर तात्या म्हणाले, "बाळा, चांदवडला गाडी बाजूला घे. मला चहा प्यायचाय."

तात्या चहा पीत नाहीत. हे मला माहीत होते.

चांदवडला महामार्गालगत एका टपरीपाशी गाडी लागली. मंडळी कुरकुरत उतरली. तात्यांनी ड्रायव्हरला विचारले, "रात्री किती वाजता झोपलास?"

"पुण्याचं भाडं होतं तात्या. तीनला नाशिकला आलो. पाचला उठून गाडी धुतली."

"म्हणजे झोपलाच नाहीस. काल दिवसा?"

"काल दिवसा शिर्डी केली."

"मग आता अर्धा तास मागच्या बाकावर आडवा हो. मी घड्याळ बघतो."

पोरगा घाबरून माझ्याकडे बघू लागला. भाडे ठरवणारा मी होतो ना! मी मान हलवली. पाच मिनिटांत तो घोरू लागला.

आता खरा गोंधळ सुरू झाला. उशीर होईल, लग्न लागून जाईल, पाहुणे काय म्हणतील! तेव्हा आमच्या आत्याबाई, वय वर्षे सत्तरच्या पुढे, दगडावर बसल्याबसल्या म्हणाल्या, "अरे, आपल्या लग्नाला मुहूर्त असतो का? पंचांग सोडून दिलं ना आपण? मग घटका टळल्यासारखे काय ओरडता? वंदना सुरू झाली असली तर मागे जाऊन बसू. जिवंत पोचलो म्हणजे झालं." यावर कोणालाही उत्तर सुचले नाही. एकेक जण मुकाट्याने चहा मागवू लागला.

असा अर्धा तास हाती आला म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा चांदवड नीट पाहिले. या रस्त्याने मी शंभर वेळा तरी गेलो असेन. पण चांदवड म्हणजे माझ्या लेखी उजवीकडे मनमाडला फाटा फुटतो ते ठिकाण, पुढे टोलनाका, आणि मग राहुड घाट. एवढेच. आता टपरीवरून समोर सातमाळा रांगेचे उघडे डोंगर दिसले. चांदवडचा किल्ला दिसला. होळकरांच्या अमलात हे गाव मोठे होते, इथे त्यांची टांकसाळ होती. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा रंगमहाल आजही गावात उभा आहे. आज कांद्याच्या दिवसांत बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागते, आणि तीच वाहने मग महामार्गावर येतात.

गाव डोंगराच्या पायथ्याशी, घाटाच्या तोंडाशी वसले आहे. त्याचे कारण घड्याळ बघत बसलो असताना माझ्या ध्यानात आले. मुंबई आणि आग्रा यांना जोडणारी ही वाट फार जुनी. बैलगाडीचा प्रवास दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरचा. पुढे चढ असला की बैलांना अलीकडे विसावा द्यायचा, पाणी पाजायचे, मग घाटाला लागायचे. बैलाला जो न्याय लावत होते, तो आज आपण ड्रायव्हरला लावत नाही.

आणखी एक विचार आला. या वाटेवरच्या धर्मशाळा, बारवा, विहिरी सगळ्यांसाठी नव्हत्या. आपल्या आजोबा-पणजोबांना वाटेत थांबायला जागा नव्हती. १९०१ साली बालपणी बाबासाहेब भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले होते. मसूर स्टेशनावर गाडीवाले त्यांना घेईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची या बोलीवर बैलगाडी मिळाली. मध्यरात्री ते एका टोलनाक्यापाशी पोचले. अंगावर चांगले कपडे होते, जवळ पैसे होते, डब्यात अन्न होते. पण प्यायला पाणी कोणी दिले नाही आणि मुले तशीच उपाशी गाडीत झोपली. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. अशा माणसांची आपण नातवंडे. आज कोणत्याही हॉटेलात बसून चहा मागता येतो, टोलनाक्यावर नळ आहे, सावली आहे. थांबण्याचा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. आणि आपण मात्र थांबायलाच तयार नाही!

मी बी.कॉम. झालेला कारकून. हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडले. चांदवड ते धुळे सुमारे ९० किलोमीटर. ताशी ६० च्या वेगाने दीड तास. ८० च्या वेगाने सव्वा तासाच्या आत, म्हणजे ६७ मिनिटे. १०० च्या वेगाने ५४ मिनिटे. म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलो तर वाचले किती? साधारण १३ मिनिटे. तेही मध्ये ट्रॅक्टर, फाटा, टोलची रांग काही आडवे आले नाही तर. १३ मिनिटांत आमच्या ऑफिसात एक चहासुद्धा पिऊन होत नाही. आणि घरून निघताना आम्ही घालवली ती तब्बल १२५ मिनिटे! ती वसूल करायला ड्रायव्हरचा पाय वापरायचा, हा कुठला जमाखर्च?

आता नावेची बाजू पाहा. ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, ८० ला २२ मीटर, १०० ला २८ मीटर. डोळ्यांना अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर तरी जातोच. त्यानंतर ब्रेक लागायला लागतो. रस्ता कोरडा, टायर चांगले, ड्रायव्हर जागा, असे सगळे अनुकूल धरले तरी ६० ला गाडी थांबायला सुमारे ३७ मीटर लागतात, ८० ला ५८ आणि १०० ला ८४. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. तेरा माणसे, वर कॅरिअरवर सामान, टायर घासलेले आणि ड्रायव्हरची झोप झालेली नाही, असे असेल तर हे अंतर आणखी वाढते.

वाचकहो, गाडीत सगळे ओरडत होते तेव्हा मी गप्प का होतो, ते आता सांगतो.

सन २००३ च्या एप्रिलमधली गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. याच रस्त्याने रात्रीचे धुळ्याकडून परत येत होतो. तेव्हा इथे चौपदरी रस्ता झालेला नव्हता. जीप भाड्याची, ड्रायव्हरशेजारी मी. मालेगावला ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, तासभर पडू का?" मला सकाळी १० वाजता ऑफिसात सही करायची होती. मी म्हणालो, "नाशिकला जाऊन झोप. टाक जरा पाय." त्याने टाकला. उमराणे मागे पडले, घाट अजून यायचा होता. पुढे कांद्याने भरलेला ट्रॅक्टर चालला होता. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती. आम्हाला तो दिसला तेव्हा तो अगदी समोर होता.

जीव कोणाचा गेला नाही. पण माझा चुलत भाऊ गवंडीकाम करायचा, त्याचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा आखडला. परांचीवर चढणे बंद झाले. पुढे त्याला पानटपरी टाकावी लागली. ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला. भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून, असे फिर्यादीत लिहिले होते. त्याच्या कित्येक वर्षे तारखा चालल्या. मी कारकून आहे, कागदाची भाषा मला कळते. त्या कागदात वेगाचा धनी एकच होता. माझे नाव होते ते साक्षीदारांच्या यादीत. मी साक्षीत सांगितले की गाडी वेगात होती. ती वेगात का होती, हे मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

भावाला मात्र दहा वर्षांनी एकदा सांगितले. तो म्हणाला, "माहीत आहे मला. मी जागाच होतो."

तेव्हापासून मी गाडीत ड्रायव्हरला "हाण" म्हणत नाही. पण नुसते गप्प राहणे पुरत नाही, हे त्या दिवशी तात्यांनी मला दाखवून दिले. मी गप्प होतो, त्यांनी गाडी थांबवली.

रस्ता आता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला. म्हणून अपघात थांबले का? २८ जानेवारी २०२० रोजी शेजारच्या देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एस.टी. बस आणि रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने विहिरीत पडली, पंचवीसहून अधिक माणसे गेली. ३० एप्रिल २०२४ रोजी चांदवडच्या राहुड घाट परिसरात एस.टी. आणि मालट्रक यांचा अपघात होऊन प्रवासी दगावले. समृद्धी महामार्ग तर ७०१ किलोमीटरचा, सरळ आणि मोकळा. तरी १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खाजगी बसच्या अपघातात २५ प्रवाशांचा जळून अंत झाला. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी, ती तपासणारे तपासतील. आपण एवढेच ध्यानात ठेवायचे की रस्ता रुंद झाला म्हणून माणसाचा डोळा आणि पाय यांचा वेग वाढत नाही. उलट सरळ, एकसारख्या रस्त्यावर डोळा लवकर लागतो.

सरकारने एप्रिल २०१८ मध्ये कमाल वेग ठरवून दिला आहे. दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर लहान मोटारीला १००, नऊ किंवा अधिक प्रवासी आसनांच्या गाडीला ९०, मालवाहू गाडीला ८०. घाटात आणि वस्तीत पाटीवर जो आकडा असेल तो याहून कमी असतो, आणि तोच पाळायचा. कमाल म्हणजे याच्या वर जाऊ नये. तिथपर्यंत गेलेच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. पगाराच्या दिवशी सगळा पगार संपवलाच पाहिजे असे कोणी म्हणते का?

कायदा वेगाचा आहे तसा ड्रायव्हरच्या झोपेचाही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही कलम ९१ मध्ये तेच तास धरले आहेत. युरोपातल्या देशांत ट्रक-बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे थांबावे लागते, आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्याकडे भाड्याच्या गाडीवरच्या पोराचे तास कोण मोजतो? मालक मोजत नाही, कारण त्याला हप्ते भरायचे असतात. पोरगा सांगत नाही, कारण भाडे हातचे जाईल. उरलो आपण, गाडी ठरवणारे. हे पोरगे बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतले असते. आठ तासांची पाळी आपल्याला हवी, आणि ड्रायव्हरने मात्र वीस तास जागायचे, हे आपल्या तोंडी शोभत नाही.

गाडी कोणाच्या हाती द्यावी याचा धडा तर आपल्याला १९२९ सालीच मिळाला आहे. मालेगावच्या पलीकडे असलेल्या चाळीसगावची ती घटना. स्टेशनावर बाबासाहेबांना न्यायला आलेल्या बांधवांना टांगा मिळाला, पण अस्पृश्य उतारू म्हणून टांगेवाला हाकायला तयार होईना. पाहुण्याला पायी न्यायचे कसे, म्हणून आपल्यातल्याच एकाने लगाम हाती धरला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब खाली फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. त्यांनी पुढे या प्रसंगावर लिहिताना दोष जातिभेदाला दिला, आणि त्याच वेळी हेही लिहिले की उतारूच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे आपल्या माणसांच्या लक्षात आले नाही. मान म्हणून वेळेवर पोचायचे, मान म्हणून पुढच्या गाडीला मागे टाकायचे, ही आजचीही सवय आहे.

असो. बरोबर अर्ध्या तासाने तात्यांनी पोराला उठवले. त्याने तोंड धुतले, चहा घेतला. तात्यांनी टायरवरून हात फिरवला, हवा बघितली, आणि आम्ही निघालो. राहुड घाटात तात्या शिकवत होते आणि पोरगा ऐकत होता. "ज्या गिअरमध्ये चढ चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवशील, तर ब्रेक तापतील आणि ऐन वेळी लागणार नाहीत." "पुढची गाडी खांबाजवळून गेली की एकवीस, बावीस, तेवीस मोज. त्याआधी आपण खांबापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत." "डावीकडून गाडी काढू नकोस." "फाटा दिसला की पाय उचल. मोटारसायकलवाला उलट्या बाजूनेच येणार, असं धरून चाल." खरोखरच एका फाट्यावर एक जण बायको आणि दोन मुले घेऊन उलट्या बाजूने आला. आमचा काटा ६५ वर होता. पोराने गाडी सावकाश आवरली. कोणी ओरडले नाही, कोणी घाबरले नाही. असे काही घडले होते, हे मागच्या बाकावर कळलेसुद्धा नाही.

आम्ही मंडपात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. नवरदेवाकडच्या मंडळींचे फोटो चालले होते. लग्न लागले सव्वाबाराला.

वाचक बंधुभगिनींनो, आपला समाज वर्षभर रस्त्यावर असतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १३ ऑक्टोबरला येवला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, शिवाय लग्नकार्ये आणि पुण्यानुमोदन. बहुतेक प्रवास रात्रीचे, भाड्याच्या गाडीने, आणि गाडी माणसांनी भरलेली. म्हणून एवढीच विनंती. गाडी ठरवताना दर विचारता तसे ड्रायव्हर काल किती झोपला हेही विचारा. मुक्कामी पोचल्यावर त्याच्या जेवणाची आणि पडायच्या जागेची सोय आधी करा. दर दोन तासांनी गाडी थांबवा. पुढच्या सीटवर ज्याला झोप येत नाही असे माणूस बसवा. निघायला उशीर झाला असेल तर तो उशीर आपला समजा आणि फोन करून सांगा. आणि गाडीत कोणी "हाण" म्हणाला तर त्याला गप्प करा, मग तो वयाने मोठा असो की मानाने.

त्या रात्री आम्ही धुळ्यालाच राहिलो. ड्रायव्हर आठ तास झोपला. दुसऱ्या दिवशी परतताना चांदवड आले, तेव्हा त्याने न सांगता त्याच टपरीपाशी गाडी लावली. तात्यांनी एक चहा मागवला आणि कप त्याच्यापुढे सरकवला.